फी द्यायला तयार असलेला मुलगा : रोजच्या धाडसाच्या चार गोष्टी

१/
२ ऑक्टोबर १९५७. दिल्लीच्या रामलीला मैदानावर कार्यक्रम रंगात आला होता. प्रेक्षकांत पंतप्रधान जवाहरलाल नेहरूही होते. अचानक विजेच्या तारांतून ठिणग्या उडाल्या आणि शामियान्याने पेट घेतला. हरिश्चंद्र मेहरा नावाचा चौदा वर्षांचा स्काउट खांबावर चढला आणि हातातल्या चाकूने त्याने पेटते कापड कापून काढले. त्याचे हात भाजले, पण आग पसरण्यापूर्वी गर्दीला वाट मिळाली.

२/
या प्रसंगातून राष्ट्रीय बालशौर्य पुरस्कारांची कल्पना पुढे आली. भारतीय बालकल्याण परिषदेने हे पुरस्कार सुरू केले आणि पहिल्या मानकऱ्यांत हरिश्चंद्र होता. तेव्हापासून शूर मुलांच्या गोष्टींना एक ठरीव आकार आला. संकट येते, मूल झेप घेते, कुणाचा तरी जीव वाचतो आणि शेवटी टाळ्या पडतात. या गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या मुलांना आवडतात, यात नवल नाही.

३/
मात्र धाडसाचा आणखी एक प्रकार इतिहासाच्या कागदपत्रांत सापडतो. त्यात आग लागत नाही, कुणी पुरात वाहून जात नाही. एक मूल पाटी घेऊन घराबाहेर पडते, अपमान सोसून घरी परतते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच पाटी उचलते. अशा धाडसाला पुरस्कार द्यायचा झाला तर तो नेमका कोणत्या दिवसासाठी द्यावा, हेच ठरवता येत नाही. या धाग्यात तशा चार गोष्टी आहेत. चौघांचीही शाळकरी वये, आणि चौघेही त्या वेळच्या मुंबई इलाख्यातले.

४/
पहिली गोष्ट पुण्याची. १८४८ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बुधवार पेठेतील भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू केली. जोतिराव तेव्हा एकवीस वर्षांचे होते आणि सावित्रीबाई सतरा वर्षांच्या. पुढच्या तीन-चार वर्षांत मुलींसाठी आणखी शाळा निघाल्या आणि महार-मांग मुलांसाठीही स्वतंत्र शाळा उघडली गेली. लहुजी साळवे यांच्यासारखे वस्ताद वस्तीत फिरून मुलांना शाळेपर्यंत आणत होते.

५/
सावित्रीबाईंच्या अंगावर शेण-चिखल फेकला जाई आणि म्हणून त्या सोबत दुसरे लुगडे ठेवत, ही आठवण महाराष्ट्रातल्या बहुतेक मुलांनी ऐकलेली असते. पण शाळेच्या वाटेवरून केवळ शिक्षिका जात नव्हती, विद्यार्थीही जात होते. त्यांच्या वाट्याला काय येत होते, हे त्यांच्यापैकीच एका मुलीने लिहून ठेवले. तिचे नाव मुक्ता साळवे. मांग समाजातली ही मुलगी शाळेत तीन वर्षे शिकली होती आणि तिचे वय चौदा वर्षांचे होते.

६/
तिचा निबंध अमेरिकन मिशनऱ्यांच्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या अंकांत छापून आला. विषय होता मांग-महारांचे दुःख. वेदांवर आपलाच हक्क असल्याचे ब्राह्मण सांगतात, तर मग आम्हांला धर्मग्रंथच नाही आणि आम्ही धर्मरहित आहोत, असे ती तर्काने दाखवते. नंतर ती थेट देवालाच विचारते की आमचा धर्म कोणता, ते तूच सांग. शाळेत तीन वर्षे घालवलेल्या मुलीने हा प्रश्न छापील कागदावर आणला होता.

७/
निबंधात पेशवाईच्या अखेरच्या काळातल्या आठवणी आहेत. तालीमखान्यासमोरून मांग-महार गेला तर त्याचा जीव जाई. त्याला वाचता येते असे कळले तर दुसऱ्या बाजीरावाला ते खपत नसे. हे सारे मुक्ताच्या जन्माआधीचे होते. ते तिला घरातल्या वडीलधाऱ्यांकडून कळले असणार, कारण त्या काळच्या कोणत्याही शालेय पुस्तकात ते असणे शक्य नव्हते. वस्तीतली सांगोवांगी ती शाळेत शिकलेल्या अक्षरांत उतरवत होती.

८/
निबंधातला एक तपशील विशेष लक्ष देऊन वाचण्याजोगा आहे. वरच्या जातीची मुले मांग-महारांच्या मुलांना दगड मारतात आणि रक्त निघते, तरी ही माणसे सरकारात फिर्याद करत नाहीत. का? कारण त्याच घरांकडे उद्या उष्टे अन्न मागायला जायचे असते. भीतीचे मूळ पोटात कसे असते, हे मुक्ताने इतक्या थोडक्यात सांगितले आहे. शेवटी ती आपल्याच लोकांना सांगते की या दुखण्यावर ज्ञान हेच औषध आहे.

९/
दगड खाऊनही गप्प राहणे ही तिच्या वस्तीची रीत होती आणि त्या गप्प राहण्यामागचे कारण तिला ठाऊक होते. ते ठाऊक असूनही तिने लिहिले. मुक्ताच्या पुढच्या आयुष्याविषयी फारच थोडी माहिती हाती लागते. निबंध मात्र उरला. आधुनिक भारतातील दलित स्त्रीच्या लेखनाचा विचार करताना अभ्यासक आजही त्याच्यापासून सुरुवात करतात.

१०/
दुसरी गोष्ट त्यानंतर वर्षभराने, जून १८५६ मध्ये घडली. स्थळ धारवाड. आज हे शहर कर्नाटकात आहे, तेव्हा ते मुंबई इलाख्यात होते. तिथल्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारण्यात आला. त्याच्या वतीने मुंबई सरकारकडे अर्ज गेला. तक्रार अगदी साधी होती. नेहमीची फी द्यायला हा मुलगा तयार आहे, तरीही त्याला शाळेत घेतलेले नाही.

११/
फीचा हा उल्लेख महत्त्वाचा आहे. मुलगा दयेची याचना करत नव्हता, सवलतही मागत नव्हता. शाळा सरकारी, नियम सरकारचे आणि नियमाप्रमाणे लागणारे पैसे द्यायची तयारी. त्याची जात सोडली तर त्याला परत पाठवायला कोणतेही कारण उरत नव्हते. अर्जाने सरकारला तेच कारण कागदावर मांडायला भाग पाडले.

१२/
सरकारचे उत्तर आजही अस्वस्थ करते. तत्त्व म्हणून न्याय या मुलाच्या बाजूने आहे, हे सरकारने मान्य केले. मात्र शतकानुशतकांचे पूर्वग्रह एकाएकी दूर होत नाहीत, आणि एकट्या मुलासाठी त्याला वर्गात बसवले तर बाकीच्या बहुसंख्य मुलांसाठी शाळा निरुपयोगी होईल, असा युक्तिवाद केला. थोडक्यात, तुझे म्हणणे बरोबर आहे पण तू एकटा आहेस, म्हणून बाहेर थांब.

१३/
प्रकरण कलकत्त्याला भारत सरकारपर्यंत गेले. जानेवारी १८५७ मध्ये तिथून उत्तर आले. मुंबई सरकारने बहुधा शहाणपणानेच निर्णय घेतला असावा, असे त्यात म्हटले होते. पण त्याचबरोबर हेही कळवले होते की बंगाल इलाख्यातल्या कोणत्याही सरकारी शाळेने या मुलाला परत पाठवले नसते. पुढे १८५८ मध्ये धोरण स्पष्ट झाले आणि सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व वर्गांना खुल्या असतील असे ठरले.

१४/
हे धोरण ठरण्यामागे धारवाडचा तो अर्ज होता. पण त्या मुलाचे पुढे काय झाले? सरकारी निवेदनात त्याची ओळख जातीपुरतीच आहे, नाव नाही. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेचे निवेदन सादर करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे प्रकरण सविस्तर उद्धृत केले, म्हणून ते आज सहज वाचायला मिळते. बहात्तर वर्षांनी कुणीतरी त्या मुलाच्या बाजूने पुन्हा उभे राहिले होते.

१५/
तिसरी गोष्ट घरातली आहे. १८७३ साल. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पहिल्या पत्नीचे निधन झाले होते. रानडे विधवाविवाहाचे समर्थक, त्यामुळे ते विधवेशी विवाह करतील अशी सुधारकांची अपेक्षा होती. वडिलांच्या आग्रहापुढे ते नमले आणि अकरा वर्षांच्या रमेशी त्यांचा विवाह झाला. त्या काळच्या सुधारणेतली ही विसंगती झाकण्यात अर्थ नाही. लग्न होताच रानड्यांनी आपल्या या लहान पत्नीला शिकवायला सुरुवात केली.

१६/
दिवसा ती मोठ्या एकत्र कुटुंबातली सून होती. घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांना तिचे शिकणे पसंत नव्हते. मराठी वाचणे एक वेळ चालले, पण इंग्रजी म्हणजे मर्यादा सोडणे, असा त्यांचा समज होता. पतीची इच्छा एका बाजूला आणि घरातल्या बायकांचा रोष दुसऱ्या बाजूला, यांच्यामध्ये ही मुलगी उभी होती. पती कामावर गेल्यावर टोमणे ऐकायला ती एकटीच उरत असे.

१७/
१९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या आत्मचरित्रात रमाबाई रानडे यांनी हे दिवस वर्णिले आहेत. उलट उत्तर न देता त्यांनी टोमणे ऐकून घेतले आणि धडा मात्र सोडला नाही. ज्या स्त्रिया बोलत, त्यांच्याविषयीही पुस्तकात विखार नाही. त्या स्त्रियांना स्वतःला कधी पाटी मिळाली नव्हती, हे वाचकाच्या आपोआप लक्षात येते. पुढे याच रमाबाईंनी पुण्यात सेवासदन उभे केले आणि त्यात प्रौढ स्त्रियांच्या शिक्षणाची सोय झाली.

१८/
घराबाहेरची स्थिती काय होती, ते आनंदीबाई जोशी यांच्याकडून कळते. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील श्रीरामपूर येथे त्यांनी आपण अमेरिकेला का जात आहोत, हे सांगणारे भाषण केले. मुंबईत शाळेला जाताना लोक कसे भोवती जमत, हसत आणि टिंगल करत, हे त्यांनी त्या भाषणात सांगितले. पुढे १८८६ मध्ये त्या एम.डी. झाल्या. पदवीचा तो प्रसंग सर्वांना माहीत असतो. शाळेच्या रस्त्यावरचे ते हसणे मात्र पदवीइतके कुणाच्या स्मरणात राहिले नाही.

१९/
चौथी गोष्ट साताऱ्याची. १८५८ च्या धोरणाने शाळेचे दार उघडले खरे, पण दाराच्या आत काय होते? १९०० च्या आसपास तिथल्या शाळेत भीमराव नावाचा एक मुलगा वर्गात वेगळ्या गोणपाटावर बसत असे. ते गोणपाट तो रोज घरी नेई आणि दुसऱ्या दिवशी परत आणी, कारण शाळेचा झाडूवालाही त्याला हात लावत नसे. तहान लागली तर नळाला हात लावायची त्याला मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. शिपाई नसला की तहानलेले राहायचे.

२०/
१९०१ मध्ये तो आपल्या भावा-भाच्यांसोबत वडिलांना भेटायला निघाला. वडील रामजी सुभेदार खटाव तालुक्यातील गोरेगावला, दुष्काळी कामावर खजिनदार होते. मुले नवे कपडे आणि जरीच्या टोप्या घालून मसूर स्टेशनवर उतरली. येत असल्याचे पत्र वडिलांना मिळाले नव्हते, त्यामुळे न्यायला कुणी आले नाही. स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली. आम्ही महार, असे उत्तर मिळताच त्याचा चेहरा बदलला आणि तो दूर सरला.

२१/
दुप्पट भाडे देऊनही गाडीवाले तयार होईनात. शेवटी एक जण तयार झाला तो एका अटीवर : बैलगाडी मुलांनी हाकायची आणि तो शेजारून चालणार. रात्री जकात नाक्यावर मुक्काम पडला. डब्यात भरपूर जेवण होते, पाणी नव्हते. गाडीवाल्याने सुचवल्याप्रमाणे भीमराव नाकेदाराकडे गेला आणि आपण मुसलमान असल्याचे सांगून उर्दूत पाणी मागितले. पाणी मिळाले नाही. मुले तशीच उपाशी झोपली.

२२/
हा प्रसंग बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत स्वतः लिहिला आहे. त्यात भीती लपवलेली नाही. अंधारात गाडीवाला आपल्याला लुबाडील, मारून टाकील, असेही मुलांच्या मनात येऊन गेले. नऊ-दहा वर्षांचा मुलगा घाबरलेला होता आणि तरीही अनोळखी माणसाच्या दाराशी पाणी मागायला गेला, या दोन्ही गोष्टी त्या लिखाणात एकत्र नांदतात. आपण अस्पृश्य आहोत हे त्याला आधीही माहीत होते. त्याचा असा धक्का मात्र या प्रवासात बसला.

२३/
मार्च १९२७ मध्ये हाच मुलगा, आता बॅरिस्टर झालेला, महाडच्या चवदार तळ्यावर हजारो लोकांसह गेला आणि त्याने ओंजळीने पाणी घेतले. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळात १९२३ मध्येच संमत झाला होता. म्हणजे १८५८ प्रमाणे इथेही कागदावर दार उघडे होते. कुणीतरी आत पाऊल टाकण्याची गरज उरली होती.

२४/
या चार गोष्टी दहा-बारा वर्षांच्या मुलांना सांगताना एक धोका संभवतो. भीमराव गोणपाटावर बसला तरी शिकला, रमा टोमणे ऐकून शांत राहिली, असे म्हणून कथा संपवली, तर मुलांच्या हाती एवढेच लागते की सोसणे चांगले असते. मग गोणपाट वेगळे कुणी ठेवले, नळाला हात का लावू दिला नाही, धारवाडच्या शाळेने कुणाच्या सोयीसाठी एका मुलाला परत पाठवले, हे प्रश्न गोष्टीतून गळून पडतात. धाडस वंदनीय ठरते आणि ज्या अन्यायामुळे ते करावे लागले तो नजरेआड होतो.

२५/
दुसरा धोका यशाचा. मुक्ताचा निबंध छापला गेला, रमाबाई संस्थापक झाल्या, आनंदीबाई डॉक्टर झाल्या, बाबासाहेबांनी संविधान घडवले. धारवाडचा मुलगा मात्र हरला. त्याच्या गोष्टीला सुखान्त नाही, म्हणून तो बालकथांच्या पुस्तकांत सहसा येत नाही. वास्तविक, ज्या दिवशी तो फी घेऊन शाळेच्या दारात उभा राहिला, त्या दिवशी भीमराव, रमा किंवा मुक्ता यांच्यापेक्षा त्याच्यापाशी धैर्य कमी होते असे म्हणायला कोणताही आधार नाही.

२६/
ही मुले अगदीच एकटी नव्हती, हेही सांगायला हवे. मुक्तामागे फुले दाम्पत्य होते. धारवाडच्या मुलाचा अर्ज कुणीतरी लिहिला. बाहेर केस कापणारा न्हावी मिळत नसे, तेव्हा भीमरावाचे केस त्याची मोठी बहीण कापत असे. आनंदी आणि रमा यांच्या पाठीशी त्यांचे पती होते. मुलाच्या धाडसामागे बहुतेकदा एखादे मोठे माणूस उभे असते आणि त्या माणसालाही किंमत मोजावी लागते. जोतिराव-सावित्रीबाईंना त्यासाठी घर सोडावे लागले होते.

२७/
१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतिरावांनी मागणी केली की प्राथमिक शिक्षण किमान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २०१० मध्ये अमलात आला. मधे सव्वाशेहून अधिक वर्षे गेली. जोतिरावांच्या मागणीमागचा विचार व्यवहारी होता. शाळेत जाण्यासाठी मुलाला शूर असावे लागू नये.

२८/
धारवाडची गोष्ट एखाद्या पाचवीतल्या मुलीला सांगितली, तर ती पहिल्यांदा विचारील, मग त्याला शाळेत घेतले का? खरे उत्तर ‘नाही’ असेच आहे आणि ते तसेच द्यावे. त्यावर तिचा दुसरा प्रश्न येईल, पण तो तर फी देत होता, मग का नाही घेतले? तिथे गोष्ट सांगणाऱ्याने घाईने पुढे जाऊ नये. त्या ‘का’चे उत्तर द्यायला वेळ लागतो, आणि तो द्यायलाच हवा.